विंचेस्टर कॅथेड्रलचे वय आणि त्याचा पाया : एक प्रकरण अभ्यास

दक्षिण इंग्लंडमधील विंचेस्टर शहराच्या कॅथेड्रलचे वय विचारले, तर उत्तरादाखल बहुधा 1079 हे साल सांगितले जाते. त्या वर्षी बिशप वॉकेलिन याने आजच्या इमारतीचे काम सुरू केले, त्यामुळे हे उत्तर चुकीचे म्हणता येत नाही. मात्र ते फारच अपुरे आहे. पश्चिमेच्या दारातून आत शिरणाऱ्याच्या नजरेत भरणारे लांबलचक मुख्य दालन चौदाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने घडवलेले आहे, मधला मनोरा बाराव्या शतकातला आहे, पूर्वेकडील टोकाचा भाग तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि तो भाग आज ज्या पायावर उभा आहे, तो पाया 1906 ते 1911 या काळात घातलेला आहे. इमारतीपेक्षा तिचा पाया सातशे वर्षांनी लहान, ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते. ती कशी घडली, हे समजून घ्यायचे तर 1905 साली तिथे काय आढळले इथपासून सुरुवात न करता, त्या जागेच्या पूर्वेतिहासापासूनच सुरुवात करावी लागते, कारण 1905 चे संकट ज्या निर्णयांतून आले ते निर्णय मध्ययुगातले होते.

विंचेस्टर हे इचेन नदीच्या खोऱ्यात वसलेले शहर आहे. नदीकाठची ही जमीन ओलसर, आणि भूजलाची पातळी पृष्ठभागाच्या अगदी जवळ. याच जमिनीवर वेसेक्स या तेव्हाच्या राज्याचा राजा सेनवाल याच्या काळात, 648 च्या सुमारास, एक चर्च उभे राहिले. पुढे शेजारी दुसरे मोठे चर्च झाल्यावर या पहिल्याला ‘जुने मिन्स्टर’, म्हणजे जुने मोठे चर्च, म्हणू लागले. नवव्या शतकात इथे बिशप असलेल्या आणि पुढे संत मानल्या गेलेल्या स्विदनला, परंपरा सांगते त्याप्रमाणे, त्याच्याच इच्छेनुसार चर्चच्या बाहेर, पावसाचे पाणी अंगावर पडेल अशा जागी पुरले होते. 15 जुलै 971 रोजी बिशप एथेलवोल्डने त्याचे अवशेष समारंभपूर्वक आत आणले आणि मग त्या कबरीभोवती चर्चचा विस्तार होत गेला. जुने मिन्स्टर आज उभे नाही. मार्टिन बिडल यांच्या नेतृत्वाखाली 1960 च्या दशकात झालेल्या उत्खननात त्याचा आराखडा सापडला, आणि आता कॅथेड्रलच्या उत्तरेकडील हिरवळीवर विटांच्या ओळींनी तो आखून ठेवलेला आहे. त्या ओळींवरून चालताना जुन्या वास्तूची दिशा आजच्या कॅथेड्रलच्या दिशेशी थोडी तिरकी होती, हेही पायांना कळते.

1066 मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर सत्ता बदलली, तशी चर्चची माणसेही बदलली. 1070 मध्ये बिशप झालेल्या वॉकेलिनने जुन्याची डागडुजी करण्याऐवजी त्याच्या दक्षिणेला पूर्णपणे नवी इमारत बांधायला घेतली. दगड वाइट बेटावरील क्वारच्या खाणींतून आला. लाकडाबद्दल विंचेस्टरच्या इतिवृत्तात एक हकिकत आहे : हेम्पेज नावाच्या रानातून चार दिवस आणि चार रात्रींत जेवढी झाडे तोडता येतील तेवढी घेण्याची परवानगी राजा विल्यमने बिशपला दिली, आणि बिशपने मिळतील तेवढे लाकूडतोडे गोळा करून अवघे रानच रिकामे केले. हकिकत अक्षरशः खरी मानण्याची गरज नाही. छतासाठी किती प्रचंड लाकूड लागले असेल, याची कल्पना मात्र तिच्यावरून येते. 8 एप्रिल 1093 रोजी चर्चला जोडलेल्या मठातले मठवासी जुन्या वास्तूतून नव्या वास्तूत आले, 15 जुलैला स्विदनचे अवशेष हलवले गेले, आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी जुने मिन्स्टर पाडायला सुरुवात झाली. नव्या दालनाच्या जागेत जुन्याचा काही भाग येत होता, त्यामुळे ते पाडल्याशिवाय काम पुढे सरकणे शक्य नव्हते. जुन्या चर्चमधील राजांच्या अस्थीही नव्यात आल्या. आज रंगवलेल्या पेट्यांत ठेवलेल्या या अस्थी, ज्या वास्तूत त्या आहेत तिच्याहून जुन्या आहेत.

वॉकेलिनचे काम आज जसेच्या तसे पाहायचे असेल, तर इमारतीच्या उत्तर-दक्षिण पसरलेल्या दोन बाहूंत जावे. तिथे अर्धवर्तुळाकार कमानी, एकावर एक तीन मजले आणि कोणत्याही नक्षीवाचून उभे असलेले जाडजूड दगडी खांब दिसतात. मला स्वतःला या कॅथेड्रलमधला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण नऊशे वर्षांत त्याला कोणी फारसा हात लावलेला नाही. शिवाय इथेच एका जुन्या दुर्घटनेचा पुरावा उघड्या डोळ्यांनी वाचता येतो. राजा विल्यम रूफस 1100 मध्ये शिकारीत मारला गेला आणि त्याला मनोऱ्याखाली पुरण्यात आले. 1107 मध्ये तो मनोरा कोसळला. पापी राजाला पवित्र जागी पुरल्याचा हा परिणाम, असे लोक बोलू लागले. माल्म्सबरीचा विल्यम हा त्याच काळातला इतिहासकार. त्याने ही लोकसमजूत नोंदवली, परंतु बांधकामच सदोष असल्यामुळे राजाला तिथे पुरले नसते तरी मनोरा पडला असता, अशी शक्यताही त्याने सांगितली. बाराव्या शतकातल्या मठवासी लेखकाने बांधकामाच्या गुणवत्तेकडे बोट दाखवावे, याचे मला विशेष वाटते.

त्याचे म्हणणे पडताळण्याची रीत 1845 साली केंब्रिजचे प्राध्यापक रॉबर्ट विलिस यांनी विंचेस्टरमध्येच दिलेल्या व्याख्यानात मांडली. विलिस यांनी दगडांमधील सांध्यांकडे लक्ष दिले. बाहूंच्या भिंतींत दोन प्रकारची चिणाई आहे : एकीत दगडांमधला चुन्याचा सांधा जाड आहे, तर दुसरीत दगड काटेकोर घडवून सांधा अगदी बारीक ठेवला आहे. बारीक सांध्यांची चिणाई मनोऱ्याच्या लगत आहे, आणि मनोऱ्यापासून दूर जाऊ लागले की जाड सांध्यांची जुनी चिणाई सुरू होते. म्हणजे मनोरा पडताना त्याने शेजारचा जो भाग ओढून नेला, तो दुसऱ्या पिढीच्या अधिक कुशल पाथरवटांनी पुन्हा बांधला. मनोऱ्याखालचे खांब त्यांनी इतके जाड केले आहेत की, पहिल्या अपघाताची धास्ती त्यांच्या आकारातच दिसते. कागदपत्रांत साल सापडले नसते, तरी या सांध्यांवरून घटनेचा क्रम लावता आला असता. इमारतीचे वय ठरवताना चिणाईचा पुरावा सर्वांत आधी वाचावा, हे विलिस यांचे तत्त्व आजही तितकेच उपयोगी आहे.

यानंतरचा टप्पा या प्रकरणाचा गाभा आहे. 1189 ते 1204 या काळात बिशप असलेल्या गॉडफ्री द ल्यूसीला स्विदनच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी पूर्वेकडे अधिक मोकळी जागा हवी होती. त्याने 1202 मध्ये या कामासाठी वर्गणी गोळा करणारा एक धर्मसंघ पाच वर्षांच्या मुदतीने स्थापन केला आणि पूर्वेच्या टोकाला टोकदार कमानींचा, नव्या घाटाचा विस्तार सुरू झाला. वर हे काम अतिशय देखणे झाले. खाली मात्र जमीन दलदलीची होती. वरच्या मातीखाली चुनखडीची चिकणमाती, तिच्याखाली पीट, म्हणजे हजारो वर्षे पाण्यात कुजून दाबल्या गेलेल्या वनस्पतींचा काळा, स्पंजासारखा थर, आणि त्याच्याही खाली गोटे-वाळूचा घट्ट थर, अशी तिथली रचना आहे. भार पेलण्याची ताकद फक्त त्या तळच्या थरात आहे. खणताना वर चढणाऱ्या पाण्यामुळे मध्ययुगीन गवंड्यांना तिथपर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते. त्यांनी बीच झाडांचे ओंडके आडवे अंथरून त्यांचा तराफ्यासारखा थर केला आणि त्यावर भिंती उचलल्या.

या निर्णयाला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. सतत पाण्याखाली राहणारे लाकूड हवा न लागल्यामुळे कुजत नाही, हे त्या काळच्या कारागिरांना अनुभवाने माहीत होते, आणि ओंडक्यांमुळे भार पसरतो हेही खरे. त्यांच्या हाती असलेल्या साधनांत यापेक्षा चांगला उपाय मला तरी दिसत नाही. अडचण लाकडात नव्हती, त्याच्याखालच्या पीटमध्ये होती. पीट भाराखाली दबत राहते, आणि सगळीकडे सारखे दबत नाही; जिथे भिंत जड तिथे अधिक, जिथे हलकी तिथे कमी. त्यामुळे पूर्वेकडील भाग शतकानुशतके खाली बसत आणि बाहेर कलत गेला. दुरुस्त्या होत राहिल्या, भेगा बुजवल्या गेल्या, पण त्या सगळ्या जमिनीच्या वर. खाली काय आहे ते पाहण्याचे साधन कोणाकडेच नव्हते.

पायाचा प्रश्न असा दबत असताना वरचे रूप बदलतच होते. चौदाव्या शतकात बिशप एडिंग्टनने पश्चिमेचा नॉर्मन दर्शनी भाग पाडून इमारत तिथे सुमारे 12 मीटरने आखूड केली आणि नवे दर्शनी तोंड बांधले. त्याच्या पाठोपाठ आलेल्या बिशप विल्यम विकहॅमने 1394 पासून मुख्य दालनाचे काम हाती घेतले. त्याचा मुख्य पाथरवट विल्यम विनफर्ड याने नॉर्मन दालन पाडले नाही. अनेक ठिकाणी जुन्या जाड खांबांना जागच्या जागी छिनीने तासून त्याने उभ्या, सडपातळ रेषांचे नवे रूप दिले, तीन मजल्यांची जुनी मांडणी मोडून दोन उंच टप्पे केले आणि वर दगडी कमानछत चढवले. त्यामुळे या दालनाचे वय एका आकड्यात सांगता येत नाही : दगड अकराव्या शतकात रचलेला, त्याचे रूप चौदाव्या-पंधराव्या शतकातले. बाजूच्या पाख्यांच्या छतावरील अंधाऱ्या पोकळीत, जिथे नव्या रूपाची गरज नव्हती तिथे, जुन्या गोल कमानी अजून शिल्लक आहेत. विकहॅमने 1403 च्या मृत्युपत्रात या कामासाठी पैसे ठेवले, काम विनफर्डच्याच देखरेखीखाली चालावे असे लिहिले, आणि परांची मठाने पुरवायची हा तपशीलही नोंदवला. 1404 मध्ये तो वारला आणि त्याच दालनात त्याची समाधी आहे.

सोळाव्या शतकात मठ आणि संतांची स्थाने मोडून काढण्याच्या राजा आठव्या हेन्रीच्या धोरणामुळे स्विदनचे समाधिस्थान 1538 मध्ये उद्ध्वस्त झाले आणि पुढच्या वर्षी मठ बंद झाला. राजा विरुद्ध संसद या यादवी युद्धात 1642 मध्ये संसदेच्या सैनिकांनी रंगीत काचा फोडल्या. पुढे ते तुकडे जमतील तसे जोडून पश्चिमेची मोठी खिडकी पुन्हा भरण्यात आली, आणि म्हणून तिच्यात आज चित्र नाही, फक्त रंग आहे. बांधकामाच्या दृष्टीने या काळातली एकच गोष्ट महत्त्वाची, आणि ती सहसा दुर्लक्षिली जाते : मठ गेल्यावर दालनाच्या दक्षिण भिंतीला लागून असलेला मठाचा ओवऱ्यांचा चौक त्याच शतकात पाडला गेला. बाहेरून मिळणारा आधार गेला, आणि आतून भिंतीला बाहेर ढकलणारा कमानछताचा रेटा मात्र तसाच राहिला.

1905 पर्यंत पूर्वेकडील भिंती ओळंब्यापासून इतक्या सुटल्या होत्या आणि भेगा इतक्या रुंदावल्या होत्या की, तो भाग कोसळण्याचे भय उघडपणे बोलले जाऊ लागले. वास्तुविशारद थॉमस ग्रॅहम जॅक्सन यांनी आधी भिंतीलगत चाचणीचा खड्डा घेतला, आणि तेव्हा ओंडके, पीट व खालचे गोटे हा सगळा क्रम पहिल्यांदा नजरेस आला. त्यांनी सल्ल्यासाठी फ्रान्सिस फॉक्स या अभियंत्याला बोलावले. मर्सी नदीखालच्या रेल्वे बोगद्याच्या कामाचा अनुभव असलेल्या फॉक्स यांना पाण्याखालची जमीन ओळखीची होती. आधी भिंती तात्पुरत्या टेकूंनी धरल्या गेल्या, आणि भेगांत दाबयंत्राने सिमेंटचा पातळ राडा भरून सुटे झालेले दगड पुन्हा एकसंध करण्यात आले. पाया बदलताना भिंतच विस्कळीत झाली असती तर सारेच हातचे गेले असते, म्हणून हा क्रम महत्त्वाचा होता.

पायाची योजना कागदावर सरळ होती : भिंतीखाली एका वेळी एक अरुंद खड्डा घ्यायचा, ओंडके आणि पीट काढायचे, गोट्यांच्या थरापर्यंत जायचे आणि तिथून वर भिंतीच्या तळापर्यंत नवा पाया भरत आणायचा. प्रत्यक्षात पीटचा थर फोडला की खालून पाणी जोराने वर येऊन खड्डा भरून टाकी. वाफेच्या पंपाने उपसा करून पाहिला गेला. विहिरीचा अवाजवी उपसा केला की पाण्याबरोबर बारीक वाळूही वाहून येते आणि कडा ढासळू लागतात, हे विहिरी खणणाऱ्याला सांगावे लागत नाही. इथे तर त्या कडेवर सात शतकांची दगडी भिंत उभी होती. उपसा चालू ठेवला असता, तर ज्या थरावर नवा पाया टेकवायचा तोच पोकळ झाला असता. या पेचातून मार्ग काढताना फॉक्स यांनी पाणी आहे तिथेच राहू द्यावे आणि माणूस पाण्यात उतरवावा, असे सुचवले.

सीबी गॉर्मन या पाणबुड्यांच्या साहित्याच्या कंपनीतील पाणबुड्या विल्यम वॉकर 1906 मध्ये कामावर आला. त्याचा पोशाख सुमारे 90 किलो वजनाचा होता. खड्डे 6 मीटरपर्यंत खोल जात, आणि पीट मिसळून पाणी इतके काळे होई की दिवा नेऊन उपयोग नसे. सगळे काम हाताच्या चाचपणीवर चाले. रोज सहा तास तो खाली असे. पोशाख चढवण्या-उतरवण्यात फार वेळ जाई, म्हणून जेवायला वर आला तरी तो फक्त शिरस्त्राण काढी. खाली जाऊन तो उरलेले पीट कापून वर पाठवी, गोट्यांचा थर मोकळा करी, त्यावर काँक्रीटने भरलेल्या गोण्या अंथरी आणि त्या चिरून पुढचा थर चढवी. गोण्यांतले काँक्रीट आवळले की खड्ड्याचा तळ बंद होई. त्यानंतर उपसा केला तरी खालून पाणी किंवा वाळू येत नसे, आणि मग कोरड्या खड्ड्यात गवंडी उतरून काँक्रीटचे ठोकळे व विटा रचत भिंतीच्या तळाला नेऊन भिडवत.

ही रीत मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. एकट्या माणसाने अंधारात फक्त तळ बंद करायचा, आणि त्याच्या त्या एका कामामुळे वरच्या सुमारे दीडशे माणसांचे नेहमीचे गवंडीकाम शक्य व्हायचे. वॉकरने एकट्याने कॅथेड्रल वाचवले असे म्हटले जाते, त्यामागे कृतज्ञता आहे आणि ती योग्यच आहे. परंतु खड्डे खणणारे, पंप चालवणारे, विटा रचणारे यांचे श्रमही तितकेच त्या पायात आहेत. काम पूर्वेच्या टोकापासून दक्षिण बाजूने पुढे सरकत गेले. सुमारे 235 खड्डे झाले. एकूण 25,800 गोण्या काँक्रीट, 1,14,900 काँक्रीटचे ठोकळे आणि 9,00,000 विटा लागल्या, आणि खर्च सुमारे 1,13,000 पौंड झाला. इतके सगळे जमिनीखाली गेले, आणि वरून पाहणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही.

वॉकरचे काम 1911 मध्ये संपले. दक्षिण भिंतीचा प्रश्न मात्र फक्त पायाने सुटणारा नव्हता. पाडलेल्या ओवऱ्यांमुळे गेलेला आधार परत देण्यासाठी जॅक्सन यांनी दालनाच्या बाहेर दगडी धिऱ्यांची रांग उभी केली. हे धिरे आज कॅथेड्रलच्या दक्षिण बाजूची ओळख बनले आहेत आणि अनेकांना ते मध्ययुगीनच वाटतात. मूळ रूपाला जपून नवे काम करावे, की नवे काम नवे म्हणून ओळखू यावे, हा जतनाच्या क्षेत्रातला जुना वाद इथे उपस्थित होतो. माझ्या मते जॅक्सन यांची निवड बरोबर होती, कारण त्यांनी शोभेसाठी काही जोडले नाही. रेटा जिथे होता तिथेच दगड उभा केला.

15 जुलै 1912 रोजी, स्विदनच्या दिवशी, राजा पंचम जॉर्ज यांच्या उपस्थितीत आभाराची प्रार्थना झाली आणि वॉकरचा राजाकडून सन्मान झाला. 971 आणि 1093 मध्येही हाच दिवस निवडला गेला होता; त्या संताची परंपरा सोळाव्या शतकात अधिकृतपणे मोडून टाकली गेली असतानाही 1912 मध्ये तारखेचा मान राखला गेला, ही बाब इतिहासाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत वॉकरचा मृत्यू झाला. 1964 मध्ये त्याच्या स्मरणार्थ कॅथेड्रलमध्ये एक छोटा पुतळा बसवला गेला, तेव्हा छायाचित्र ओळखण्यात गल्लत होऊन चेहरा अभियंता फॉक्स यांचा घडवला गेला. ही चूक सुधारून वॉकरचा खरा चेहरा असलेला नवा पुतळा 2001 मध्ये बसवण्यात आला.

इचेनच्या खोऱ्यातले पाणी आजही तिथेच आहे. पावसाळी महिन्यांत भूजल चढले की वॉकेलिनच्या काळातल्या तळघरात पाणी भरते, आणि त्याच्या गोल कमानींची प्रतिबिंबे त्यात दिसू लागतात. तळघराच्या तोंडाशी बांधलेल्या सज्जावरून ते पाहता येते. पाणी वर येते, काही काळाने उतरते, आणि त्याच्याही खाली, गोट्यांच्या थरावर, त्या चिरलेल्या गोण्यांचे काँक्रीट भिंती पेलून आहे.